आधी आमी पाहून येतो

उकंडरावाचं नाव काढलं का मले आजही मळमळते. मानूस वाईट नव्हता, हे लोकं म्हनतात ते खरं हाये. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर कधी हात टाकला नाही. तरी मळमळते. अन् सांगाचं हाये ते त्याचं नाही, त्याच्या बायकोचं, झुंबरबाईचं.

मी तवा धामणगाव बढ्याच्या पोस्टात होतो, घर त्यायच्या घराले लागून. महाराष्ट्र होऊन चार-पाच सालं झाले असतील. झुंबरबाई लग्न होऊन आली तवापासून मलकापूरच्या पलीकडे गेली नव्हती. तीन पोरी उजवल्या, सासूचं पाच वर्स अंथरुनात केलं. धाकटीचं लग्न उरकलं तवा उकंडरावानं चारचौघात कबूल केलं, "आता तुले एकडाव फिराले नेतो."

मलकापुरात अब्दुल गनी म्हनून कापसाचे व्यापारी होते. त्याईनं दोन गोष्टी सुचवल्या. एक माथेरानचं बोर्डिंग. राहनं, दोन टाइम जेवन, चहा-नाश्ता, सगळं एकाच भाड्यात. दुसरी मुंबईहून गोव्याले जानारी बोट. उकंडरावानं बायकोले इचारलं, बोर्डिंग का बोट? त्याले वाटलं, बाई आराम मांगन. झुंबरबाई भाकर थापत होती. हात न थांबवता म्हने, "बोट. मले समुद्र पाहाचा हाये." तीस सालात तिनं मांगितलेली ही पहिलीच गोष्ट असन.

इथंच सगळं ठरलं पाहिजे होतं. पन आमच्याकडे बैल कोनी नुसत्या शब्दावर घेत नाही. दात पाह्यतात, चार पावलं चालवतात, एक दिवस औताले जुपून पाह्यतात, मंग दोर हातात घेतात. उकंडराव म्हने, "न पाह्यल्या जागी बाईमानूस कसं न्याचं? आधी दोन्ही जागा मी पाहून येतो, मंग तुले नेतो." अन् संग कोन? मी. मले इंग्रजी पाट्या वाचता येत होत्या. खर्च त्याचा. मीही बेशरम, लगेच रजा टाकली. झुंबरबाईनं दोघायची शिदोरी बांधून देल्ली, दशम्या अन् ठेचा. "नीट पाहून या," म्हने.

माथेरानले जे झालं ते सांगाचीही लाज वाटते. जेवन भाड्यातच हाये म्हटल्यावर हा मानूस उठला का खाये अन् खाल्लं का झोपे. पावाचे तुकडे, केळी, उकडलेले बटाटे, जे उरन ते धोतराच्या सोग्यात बांधे. "भाड्यातलंच हाये बे, सोडाचं काऊन?" तिसऱ्या दिवशी हागवन लागली. तरी जेवनाची घंटा झाली का हा पहिला हजर. आजूबाजूची मानसं ताट घेऊन दूर बसाले लागली.

बोटीवर त्याच्या उलटं. डेकवर सतरंजी टाकली, बोट जराशी हालली अन् याच्या वांत्या सुरू. सतरंजीवर, माह्या पायावर, शेजारच्या कोकनी बाईच्या टोपलीवर. त्या बाईनं याले लिंबू देल्लं, आपली टोपली धुतली अन् गपचूप बाजूले सरकली. हा डोक्यावरून धोतर घेऊन निजला तो गोव्यापर्यंत. समुद्राकडे एकदाही पाह्यलं नाही. मी कठड्याले धरून उभा राह्यलो. इतकं पानी जन्मात पाह्यलं नव्हतं. झुंबरबाईची आठवन आली, नाही असं नाही. पन मजा येत होती, अन् ती मी घेतली.

घरी आलो तं ओट्यावर मानसं जमली. उकंडरावानं निकाल देल्ला, "बोर्डिंगात पाहाले काही नाही, लाल माती अन् माकडं. बोटीत तं मरता मरता वाचलो. दोन्हीत खोट हाये. मी भोगलं तेवढं पुरे झालं, तुले नाही भोगू देनार." लोकं म्हनले, बायकोची काळजी असावी तं अशी.

झुंबरबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाह्यलं नाही, माह्याकडे पाह्यलं. "भाऊजी, तुमाले झाल्या काय वांत्या?"

मले काही झालं नव्हतं. उकंडराव गावात एक माहंच ऐके. वहिनीले घेऊन जा, काही होत नाही, इतकं मी म्हनलो असतो तं पुढल्या महिन्यात ती बोटीत असती. पन पंधरा दिवस त्याच्या जिवावर खाल्लं होतं, चारचौघात त्याले खोटं कसं पाडू? मी म्हनलो, "हाव वहिनी, लय तरास होते. बाईमानसाचं काम नाही." तिनं कपबशा ठेवल्या अन् आत गेली.

पुढं वीस वर्स उकंडराव ओट्यावर बसून "आमी गोव्याले गेलो होतो" सांगत राह्यला, अन् ती ऐकनाऱ्यायले चहा देत राह्यली.

मी रिटायर झालो तवा उकंडराव वारला होता. बायकोले घेऊन मी मुंबईले निघालो. झुंबरबाईच्या दारी गेलो अन् म्हनलो, "वहिनी, चाला आमच्यासंगं. तुमाले समुद्र दाखवतो."

ती तूर निवडत होती. सूप खाली ठेवलं. "त्या दिवशी तुमी खोटं बोलले, ते मले तवाच समजलं होतं," म्हने. "त्यायचं मी समजू शकते, त्याईले खरंच तरास झाला. तुमच्यासंगं मी नाही येत."

मी तिच्या तोंडाकडे पाह्यलं. राग असता तं बरं झालं असतं. तिले माही किळस आली होती.