सामान वर नेणारे

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचते, पण त्यांच्यावर माझा विश्वास मंत्र्यांच्या आश्वासनांवर असतो तेवढाच. तरी हे लिहितेय, कारण त्या दुपारी मी स्वतः तिथे होते.

आम्ही स्टुटगार्टला राहतो, मी आणि निखिल. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे, अण्णा, पुण्याहून आले होते. अण्णांची सगळी सरकारी नोकरी पुनर्वसनात गेली – भूकंप, पूर, दरडी. अजून चहासुद्धा आदेश काढल्यासारखा मागतात. त्यांची एक सवय खात्यात चेष्टेचा विषय होती. नवं बांधलेलं घर आपद्ग्रस्ताला देण्याआधी ते त्यात एक दुपार नुसते बसून राहायचे. "फीत कापायला मंत्री येतात, राहायला माणसं," म्हणायचे.

आम्ही तेव्हा शहराबाहेर, एका लहान नदीकाठच्या गावात घर घेत होतो. काही वर्षांपूर्वी तिथे पूर आला होता. सरकारी मदतीतून घर नव्यासारखं केलेलं. भिंतीवर तसा चकचकीत फलकही होता, त्यात पुरापेक्षा महापौरांचं नाव ठळक. किंमत मात्र आवाक्यात. पुढच्याच आठवड्यात नोटारकडे, म्हणजे नोटरीकडे, खरेदीच्या सह्यांचा टेर्मिन, ठरलेली वेळ होती. माक्लरने, म्हणजे दलालाने, दुपारपुरती किल्ली दिली.

अण्णांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले आणि वर जाणाऱ्या लाकडी जिन्यावर बसले.

"झालं, साहेबांचं इन्स्पेक्शन सुरू!" निखिल हसला आणि हीटिंग बघायला केलरमध्ये, तळघरात उतरला. त्याच्यामागे दार आपोआप लागलं.

थोड्या वेळाने खालून ओढण्याचा आवाज आला. काहीतरी जड, एकेक पायरी वर. धप्प... जरा थांबून... धप्प.

"अरे, काय हलवतोयस?" मी ओरडले.

आवाज मात्र बंद दाराच्या अलीकडे आला – रिकाम्या हॉलमध्ये, माझ्या समोरून. सोबत कुणाचं तरी धापा टाकणं.

अण्णांनी गुडघे बाजूला घेतले. कुणाला वाट द्यावी तसे.

"अण्णा...?"

"भिंतीला टेक, सूनबाई. सामान वर नेतायत."

त्यांच्या शेजारची पायरी करकरली, मग वरची, मग तिच्या वरची. पुन्हा खालून खेप आली. पुन्हा त्यांनी गुडघे वळवले. मग पावलं नुसतीच भराभर खाली गेली... आणि परत आलीच नाहीत.

अण्णा उठले. चेहरा पांढराफटक. "एक जण पुन्हा खाली गेलाय. निखिलला बोलाव. आत्ताच्या आत्ता."

मी केलरचं दार ओढलं. हलेना. आतून निखिल धडका मारत होता. अण्णांनीही माझ्यासोबत जोर लावला.

"आपल्या बाजूने दाब आहे," ते पुटपुटले. "घरात पाणी भरलं की दार असंच बसतं."

हॉलमध्ये स्वच्छ ऊन पडलं होतं. फरशी कोरडी होती.

आतल्या धडका मंदावत गेल्या. मग थांबल्या. तेव्हा अण्णा जिन्याकडे वळले आणि गावभर ऐकू जाईल अशा सरकारी आवाजात म्हणाले, "सामान राहू द्या! सगळे वरच थांबा. आता कुणीही खाली जायचं नाही!"

दार उघडलं. इतकं अचानक, की मी मागे पडले.

"काय थट्टा आहे ही?" निखिलला बोलवत नव्हतं. "दार का दाबून धरलंत?"

कपडे कोरडे. मग कपाळ पुसायला त्याने हात वर केला आणि हाताकडे बघतच राहिला. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखी.

आम्ही टेर्मिन रद्द केला. माक्लर दुखावला. म्हणाला, त्या घरात कुणी दगावलं नव्हतं, नुकसान फक्त सामानाचं. असेलही. जर्मन घराला मराठी आदेश कसा कळला, हेही मला सांगता येणार नाही. अण्णांना विचारलं, तर "कामाची सवय" एवढंच.

निखिलच्या मते तो घाम होता. माझ्याकडे याहून बरं स्पष्टीकरण नाही. फक्त, तेव्हापासून तो बाथरूमचं दार लावून घेत नाही... आणि मीही त्याला लाव म्हणत नाही.