मेंढ्यांना कोण सांगणार?

तेगवेन हावोदशी मी अकरा वर्षं बोललो नाही. तीही माझ्याशी बोलली नाही, तेव्हा उगाच माझ्या एकट्याच्या डोक्यावर खापर फोडू नका. तिचा मेंढा सप्टेंबरातच माझ्या कुरणात घुसला आणि माझी कोकरं एप्रिलऐवजी फेब्रुवारीत, भर बर्फात जन्माला आली. आठ मेली. मी तिच्या दारात जाऊन ओरडलो, "तुझा मेंढा बांधून ठेवता येत नाही?" तर म्हणाली, "तुझा गडगा तीन वर्षं पडलाय, तो आधी रच, मग माझ्या मेंढ्याला शहाणपण शिकव." गडगा पडला होता हे खरं. पण खरं बोलायचीही काही वेळ असते की नाही?

आमच्या वेल्श डोंगरांत माणसाला आडनावाने कोणी विचारत नाही, शेताच्या नावाने विचारतात. ती हावोदची तेगवेन, मी तानग्राइगचा ग्विलिम. शाळेत एका बाकावर होतो. गावच्या स्पर्धेत कविता म्हणण्यात दरवर्षी ती पहिली आणि मी दुसरा. आठ कोकरांच्या आधीपासून माझं तिच्याशी काही जमत नव्हतं, ते बहुतेक त्यामुळेच.

आमच्या दोघांच्या शेतांच्या डोक्यावर एकच डोंगर, मोएल व्रान. आठ घरांची सामाईक चराई. वर ना कुंपण, ना गडगा. मेंढी कोकरू असताना आईच्या मागे जिथे फिरली, तेवढाच तुकडा जन्मभर तिचा. त्या तुकड्याला आम्ही कनेविन म्हणतो. पाणी कुठे, वारा सुटला की आडोसा कुठे, पाय कुठे रुततो, सगळं आईकडून लेकीकडे जातं. माणसाने शिकवायला जावं तर जन्म जातो. म्हणून शेत विकलं तरी कळप हलवत नाहीत, तो त्या डोंगराचाच असतो. मी आणि तेगवेन खालून एकमेकांकडे डोळे वटारत होतो, आणि वर आमच्या मेंढ्यांनी एकदाही एकमेकींची हद्द ओलांडली नाही. मेंढ्यांना आमच्यापेक्षा अक्कल जास्त.

तेगवेनचं लग्न ठरलं होतं एकदा, शहरातल्या एका मास्तराशी. तो म्हणाला, माझ्याबरोबर शहरात चल. ही म्हणाली, "कळप हलत नाही, मी कशी हलू?" मास्तर गेला. त्या दिवसापासून बाप मरेपर्यंत ती बापाबरोबर डोंगरावर, आणि नंतर कुत्र्याबरोबर. एकशे चाळीस मेंढ्या. कोणाची आजी कोण ते तिला तोंडपाठ. वर्षातून एकदा आठही घरं मिळून मेंढ्या खाली आणायची, तेव्हा ती सगळ्यांसाठी मनुकांचा पाव करून आणायची. भांडणाच्या वर्षांतही माझा तुकडा आला, पण दुसऱ्याच्या हातून, आणि त्याला लोणी लावलेलं नसायचं. बाकीच्यांच्या तुकड्यांना असायचं.

आता सरकारचं. पूर्वी लंडन आम्हाला परक्या भाषेत 'नाही' म्हणायचं. मग आमचं स्वतःचं छोटं सरकार आलं. मीही मत दिलं होतं, खोटं कशाला बोलू. संस्कृती, शेती, पर्यावरण, सगळं आपल्या हातात. आता आपलीच माणसं आपल्याच वेल्श भाषेत 'बघू' म्हणतात. एवढा फरक पडला.

एका शरद ऋतूत राजधानीतून एक अधिकारी आला. कोरे करकरीत बूट. चॅपेलमागच्या खोलीत आम्हा आठ घरांना बसवून म्हणाला, डोंगरावरची दलदल वाचवायची आहे, शेवाळ वाढायला हवं, मेंढ्यांच्या खुरांनी ते तुडवलं जातं. फक्त दोन वर्षं मेंढ्या खाली ठेवा. पाहणी होईल, मग सोडू.

तेगवेन उठली. "दलदल कुठे आहे ते माझ्या मेंढ्यांना तुमच्याआधी माहीत आहे, त्या तिथे जातच नाहीत. पण ते राहू दे. दोन वर्षांनी कोण सांगणार?"

"कोणाला, बाई?"

"मेंढ्यांना. त्यांचं रान कुठलं ते. खाली जन्मलेल्या कोकरांना कोण सांगणार?"

त्याने कागद चाळले. कागदात ते नव्हतं. "तेव्हा कुंपण घालता येईल," तो म्हणाला.

"सामाईक डोंगरावर कुंपणाला तुमच्याच खात्याची बंदी आहे."

खोलीत दोघे-तिघे हसले. अधिकाऱ्याचे कान लाल झाले. मग कागद फिरला आणि आठातल्या सात घरांनी सह्या केल्या. मीही केली. माझा गुडघा गेलेला, वर माझ्या जेमतेम तीस मेंढ्या, आणि दोन वर्षं म्हणजे काय मोठं? शिवाय, आता सांगूनच टाकतो, तेगवेन 'नको' म्हणत होती म्हणून 'हो' म्हणायला मला जरा गोडच वाटलं. एवढा मी हलकट.

हावोदच्या खालच्या कुरणांत साठाच्या वर मेंढ्या मावत नाहीत. ऐंशी विकाव्या लागल्या. बाजारात ती कठड्याला धरून उभी होती, रडली-बिडली नाही, पण पाहवत नव्हतं. त्यातल्या तिघी पाच दिवसांनी परत आल्या. अकरा मैल, दोन नद्या आणि एक मोठा रस्ता ओलांडून थेट डोंगराच्या पायथ्याच्या फाटकाशी येऊन उभ्या. एकीचे खूर रक्ताळलेले, दीड वर्षाची पोर होती ती. तेगवेनने घेणाऱ्याला निरोप पाठवला, या तीन माझ्याकडेच राहतील, बदल्यात दुसऱ्या ने. फाटक मात्र उघडता येत नव्हतं. त्याला सरकारी कुलूप होतं.

पहिलं वर्षभर तिच्या साठ मेंढ्या रोज सकाळी त्या फाटकाशी जाऊन वर तोंड करून ओरडत उभ्या राहायच्या. माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मी रेडिओ मोठा करायचो.

दोन वर्षं झाली. पाहणी झालीच नव्हती. पाहणी करणाऱ्याची बदली झाली, मग कुठल्याशा पक्ष्याने तिथे घरटं केलं, मग निवडणूक आली. तेगवेनने आमच्या भागाच्या आमदार शोनेदला गाठलं. पोरगी चांगली, मेंढपाळाच्याच घरची. तिने सभागृहात प्रश्न टाकला: मोएल व्रानच्या मेंढ्या वर कधी जाणार, आणि कळपाचं हे ज्ञान मेलं तर जबाबदार कोण?

प्रश्नोत्तरांच्या दिवशी शोनेदच्या माणसांनी चॅपेलमागच्या खोलीत सभागृहाचं कामकाज दाखवायला पडदा लावला. सगळा गाव जमला. शेतीमंत्री उठले, गोड हसले. म्हणाले, हा विषय परंपरेचा आहे, म्हणजे संस्कृती खात्याचा. मी माझ्या सहकाऱ्यांच्या कानावर घालतो.

"घाल, बाबा, घाल," तेगवेन पहिल्या रांगेतून म्हणाली.

चार महिन्यांनी संस्कृतीमंत्री बाई उठल्या. आधी आमच्या संस्कृतीचं तोंड भरून कौतुक केलं. मग म्हणाल्या, डोंगरावर कोणता प्राणी असावा, हा प्रश्न मात्र पर्यावरणाचा आहे. त्यानंतर सहा महिन्यांनी पर्यावरणमंत्री म्हणाले, मेंढी हा पाळीव प्राणी असल्यामुळे तो शेतीचा विषय आहे. झालं! फिरून परत पहिल्या दारात. चेंडू तरी एवढा टोलवत नाहीत हो. मागच्या रांगेतून मी ओरडलो, "अरे, तुमच्या तिघांच्या खोल्या एकाच मजल्यावर आहेत ना? उठून जा की शेजारी!" सगळे हसले. तेगवेन हसली नाही. तिने वळून माझ्याकडे पाहिलं फक्त. माझी सही कुठल्या कागदावर आहे ते तिला माहीत होतं.

शोनेदने पुढे तिघांना एकत्र प्रश्न विचारला. उत्तर आलं, समिती नेमली आहे. समिती गाडीने आली, फाटकाशी उतरली, फोटो काढले, पाऊस आला तशी परत गेली. तेगवेन पाव घेऊन वर पोचेपर्यंत रस्ता मोकळा.

दरवर्षी तिच्याकडच्या जुन्या मेंढ्यांतल्या आठ-दहा कमी व्हायच्या. कोणी म्हातारपणाने, कोणी हिवाळ्यात. दुसरा कोणी असता तर दात पडलेल्या मेंढ्या केव्हाच विकून मोकळा झाला असता. ती त्यांना हाताने भिजवलेला चारा भरवायची, बाळंतिणीसारखं जपायची. त्यांच्या डोक्यात डोंगर होता ना. आणि खाली जन्मलेल्या मेंढ्या फाटकाकडे बघतही नव्हत्या. सकाळचं ते ओरडणं हळूहळू कमी झालं. एक दिवस माझ्या लक्षात आलं की रेडिओ लहान आवाजातही नीट ऐकू येतोय. मी तो बंद केला.

सात वर्षांनी हुकूम आला. मोएल व्रान चराईस खुला. शेवाळाची वाढ पुरेशी झाली आहे, आणि जिथे मेंढ्या चरत होत्या तिथे दलदल मुळातच नव्हती असं पाहणीत आढळलं. बैल गेला आणि झोपा केला. सोबत आणखी एक कागद: कनेविन हा आपला जिवंत सांस्कृतिक ठेवा असल्याचं सरकारने मान्य केलं आहे, त्याबद्दल फाटकाशी माहितीफलक बसवण्यात येईल. तीन खात्यांच्या संयुक्त निधीतून. बघा, फलकासाठी तिघे एकत्र आले.

फलकाच्या दिवशी संस्कृतीमंत्री बाई स्वतः आल्या. फलकावर हसऱ्या मेंढीचं चित्र आणि दोन्ही भाषांत मजकूर. कुलूप निघालं. तेगवेनने कुत्र्याला शीळ घातली आणि साठ मेंढ्या फाटकातून वर आल्या. त्यांतली एकच डोंगरावर जन्मलेली होती. अकरा मैल चालून आलेली ती, आता आठ वर्षांची, तोंडात दोन दात. ती थांबली नाही. मान खाली घालून थेट वर निघाली, ओढा ओलांडला, काळ्या कातळाला वळसा घालून पलीकडच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. बाकीच्या एकोणसाठ जणी दोन मिनिटं गोंधळून उभ्या होत्या. मग एक वळली आणि सगळ्या फाटकातून मागे, रस्त्याने खाली गावाकडे पळाल्या. चॅपेलच्या दफनभूमीत घुसून थडग्यांवरची फुलं खाताना सापडल्या.

मंत्री बाईंच्या बरोबर कॅमेरेवाला होता. त्याने तेगवेनपुढे माइक धरला. बाई म्हणाल्या, "आज कसं वाटतंय तुम्हाला?"

तेगवेन अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिने फलकाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "हा प्रश्न संस्कृतीचा आहे का शेतीचा?"

"म्हणजे?"

"पर्यावरणाचा असला तर मी उत्तर देऊ शकत नाही. सहा महिन्यांनी या. आणि त्यात मी मेले, तर माझ्या जागी फलक लावा."

कॅमेरेवाल्याने कॅमेरा खाली केला. मला वाटलं टाळ्या वाजवाव्यात. वाजवल्या नाहीत. सह्या करणाऱ्या हातांनी कसल्या टाळ्या वाजवायच्या?

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती मेंढ्या घेऊन वर जाताना दिसली. कुत्रा, काठी, पाठीवर पिशवी. तिसऱ्या दिवशी तेच. पंधरवड्यानंतरही तेच, वारा असो, पाऊस असो. आपल्या तुकड्याच्या हद्दीवर दिवसभर उभं राहायचं आणि मेंढी पलीकडे गेली की वळवायची. आमच्या पणजोबांच्या काळात असं केलं होतं म्हणतात, जेव्हा हा कळप नव्याने डोंगरावर आणला होता. पण एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला कुत्रा, तरी तिसरी बाजू उघडीच. तिथून मेंढ्या निसटायच्या. तिसरी बाजू माझ्या हद्दीची.

मी खिडकीतून तीन आठवडे पाहिलं. मग एका सकाळी गुडघ्याला पट्टा बांधला आणि चढलो. वर पोचायला दीड तास लागला. ती काळ्या कातळाशी उभी होती, आणि ती म्हातारी मेंढी तिच्या बाजूला रवंथ करत होती. मी घसा खाकरला. अकरा वर्षांनी बोलायचं म्हणजे काय बोलायचं?

"तेगवेन, त्या कागदावर मी सही केली होती."

"माहीत आहे. सातवं नाव. अक्षर अजून शाळेतलंच आहे तुझं."

"किती वर्षं लागतील यांना शिकवायला?"

"माझ्या पणजोबांना नऊ लागली."

मी मनात हिशेब केला. तिला सत्त्याऐंशी, मलाही तेवढीच. माझं तोंड उघडंच राहिलं असावं, कारण ती म्हणाली, "तोंड मिट. हिशेब मलाही येतो."

मग तिने पिशवीतून पावाचा तुकडा काढून माझ्याकडे टाकला. लोणी लावलेलं नव्हतं. खालच्या अंगाला पाच-सहा मेंढ्या माझ्या हद्दीकडे सरकायला लागल्या होत्या.

"खात काय बसलास?" ती ओरडली. "डावीकडे हो. तिथून पळतात."

मी डावीकडे झालो.