गदेच्या आकाराचे जंतू

लॅबच्या प्रमुख बाईंना पाठीमागे सगळे तिखटबाई म्हणायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. रजेवरून आल्या आल्या बाईंनी जंतू वाढवलेल्या, आता फेकायला काढलेल्या बशा चाळल्या आणि त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली.

वॉर्डात एक शिंपी तापाने फणफणत होता. त्याच्या हृदयात नुकतीच नवी झडप बसवलेली. तपासणीला आलेल्या त्याच्या रक्ताच्या तिन्ही बाटल्यांत एकच जंतू वाढला होता, आणि लॅबने तिन्ही वेळा कळवलं होतं, ‘कातडीवरचा जंतू, दुर्लक्ष करावं.’

"एका बाटलीत सुईबरोबर कातडीवरचा आला, समजू शकते," बाई कडाडल्या. "वेगवेगळ्या हातांतून काढलेल्या तिन्ही बाटल्यांत? डोळे काय गहाण टाकले होते?"

"प्रत्येक बाटली वेगळ्या माणसाने पाहिली, बाई," सहायक चाचरला. "आणि हे असले जंतू दिसले की आपण पुढे तपासतच नाही. पहिल्यापासून तसंच चालत आलंय."

"चालत आलंय म्हणे! घटसर्पाचा जंतू याच कुळातला, माहितेय ना? तिथेही दुर्लक्षच करणार का?"

बाई स्वतः सूक्ष्मदर्शकाला बसल्या. एका टोकाला फुगलेल्या जांभळ्या काड्या, काही शेजारी शेजारी रचलेल्या, काही कोन करून. ना हालचाल, ना बीजाणू. एवढ्यावरून कूळ कळतं, पण त्या कुळात कातडीवर गुण्यागोविंदाने राहणारेही आहेत आणि जीव घेणारेही. कोण कुठली साखर पचवतो, कुठल्या औषधाला दाद देतो, हे पाहिल्याशिवाय नेमका जंतू कळत नाही, जसा नुसत्या आडनावावरून माणूस कळत नाही. बाईंनी चाचण्या लावल्या, तर हा निघाला नेहमीच्या औषधांना भीक न घालणारा. एकच औषध चालणार होतं.

बाई धावत वॉर्डात गेल्या. औषध लगेच सुरू झालं. पण झडप तोवर सैल झाली होती, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत शिंपी टिकला नाही.

वॉर्डाबाहेर सर्जन त्याच्या बायकोला समजावत होते, "जंतू फार अनोळखी होता हो, वहिनी."

"अनोळखी कसला!" बाईंचा आवाज फाटला. "आमच्या डोळ्यांसमोर तीनदा आला होता. आम्ही त्याला नाव विचारलं नाही."

शिंप्याच्या बायकोने डोळे पुसले नाहीत. तिने फक्त वर पाहिलं.

"मग विचारायचं होतं ना," ती म्हणाली.