चावीला हात न लावणारे जमादार

आमच्या चौकातले जमादार गाडी थांबवायचे, पण गाडीची चावी कधी काढायचे नाहीत. पुण्यात दुचाकी चालवणाऱ्याला यात काय विशेष ते लगेच कळेल. आपल्याकडे पोलिसाचा एक हात वर गेला की दुसरा आपसूक चावीकडे येतो, आणि चावी एकदा त्या मुठीत गेली की आपण बोलायचं काय ते विसरतो. जमादारांची तऱ्हाच वेगळी. लांबूनच हात दाखवायचे, गाडी डावीकडे घ्यायला लावायचे, आणि मग चक्क एक पाऊल मागे सरकून, दोन्ही हात पाठीमागे बांधून म्हणायचे, "नमस्कार. आपल्याला थांबवण्याचं कारण सांगतो." आधी कारण, मग कागद. हडपसरच्या त्या धुळीत आणि बसच्या हॉर्नमध्ये कुणी असं बोलतंय यावर पहिल्यांदा माझा विश्वासच बसला नव्हता.

हुद्द्यानं ते हवालदार. स्टँडवरचे रिक्षावाले त्यांना जमादार म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. मूळचे सासवडच्या बाजूचे. ड्युटीवर असताना पुस्तकातलं बोलायचे, 'आपण' वगैरे लावून. पण काही मनाला लागलं की दिवेघाटापलीकडची बोली बाहेर यायची. तेव्हा समजायचं, आता हा माणूस खरं बोलतोय. तसे ते एरवीही खरंच बोलायचे म्हणा.

आता माझ्याबद्दल. मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्कूटरवरून घरोघरी जाऊन पेशंटांकडून व्यायाम करून घेते. डोक्याला मार लागलेल्या माणसांना पुन्हा चमचा धरायला शिकवणं, दोन पावलं टाकायला लावणं, हे माझं रोजचं काम. आणि तरीही मी हेल्मेट घालत नव्हते. हसू नका. आमच्या घरात हेल्मेटविरोध वडिलोपार्जित आहे. बाबांनी हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे काढले, वर्तमानपत्रांना पत्रं पाठवली. कुणाला वडिलांकडून घर मिळतं, कुणाला दागिने; मला बाबांकडून हा बाणा मिळाला होता.

तर त्या दिवशी जमादारांनी मला थांबवलं आणि कारण सांगितलं. डोक्यावर हेल्मेट नाही.

"डोकं माझं आहे," मी म्हटलं. "त्याचं काय करायचं ते माझं मी बघीन. सरकारनं त्यात लक्ष घालायची गरज नाही."

"डोकं आपलंच आहे, मॅडम," जमादार म्हणाले. "म्हणून तर चावीही आपल्याकडेच आहे. पण ते रस्त्यावर पडलं की उचलायला मी असतो. आपण नसता."

माझ्याकडे उत्तरं तयार असतात. भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत कुणालाही मी गप्प करू शकते. त्या दिवशी मात्र मी नुसती गाडीचा आरसा सरळ करत बसले. वर त्यांनी विचारलं, आपण काय करता? मी सांगितलं. ते म्हणाले, "मग आपल्याला मी काय सांगणार? आपणच मला सांगायला पाहिजे." आणि शांतपणे फोटो काढून चलान केलं. अकरा मिनिटं गेली माझी. मी घड्याळ लावून मोजली होती.

पुणेकराला राग आला की तो भांडतो, आणि फारच राग आला की अर्ज लिहितो. मी अर्ज लिहिला. चांगला दोन पानी, मुद्द्यांना क्रमांक घालून. मुद्दा पहिला, सदर हवालदार वाहनाच्या चावीस हात न लावता एक पाऊल मागे उभे राहतात व दोन्ही हात पाठीमागे बांधतात, जेणेकरून नागरिकास आपल्यावर जबरदस्ती झाली असे म्हणण्याची सोयदेखील राहू नये. मुद्दा दुसरा, ते उपदेश करतात. मुद्दा तिसरा, ते उपदेश अत्यंत सभ्य भाषेत करतात, त्यामुळे प्रत्युत्तर देणे अशक्य होते. असे सात मुद्दे. त्यांच्या साहेबांच्या ऑफिसात नेऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारलेली पोच घेऊन आले. पोच घेतल्याशिवाय आम्ही कुणाला प्रेमपत्रसुद्धा देणार नाही.

आठवड्यानं चौकात जमादार स्वतःहून जवळ आले. "आपला अर्ज वाचायला मिळाला. दुसरा मुद्दा बरोबर आहे. जरा जास्तच बोललो मी." बाकी सहा मुद्द्यांबद्दल अवाक्षर नाही. मी तिथेच हरले. पुढे महिन्याभरानं मी हेल्मेटही घेतलं. बाबांना सांगितलं, रोज थांबायचा कंटाळा आला म्हणून घेतलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग मात्र मला त्या चौकात थांबायचा नादच लागला. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात तिथल्या टपरीवर चहा घ्यायचा आणि जमादारांचं काम बघायचं. अहो, काय एकेक माणसं यायची. एकदा पेठेतले एक आजोबा सिग्नल तोडून आले आणि म्हणाले, "कोणत्या कलमाखाली अडवलंत?" दुसरा पोलीस असता तर उखडला असता. जमादारांचा चेहरा असा काही खुलला, जणू माहेरचं माणूस भेटलं. त्यांनी कलम सांगितलं, दंड सांगितला, दंड मान्य नसेल तर कोर्टात कसं जायचं तेही सांगितलं. आजोबांनी उलटतपासणी घेतली. चार वेळा सिग्नल हिरवा होऊन गेला तरी दोघे तिथेच. शेवटी आजोबा म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या वेळी अभ्यास करून येईन." जमादार म्हणाले, "जरूर या. मी सकाळी आठपासून इथंच असतो."

एकदा त्यांच्याबरोबरच्या नव्या कॉन्स्टेबलनं एका जोडप्याला थांबवलं. लायसन बघितलं, विमा बघितला, आणि मग मुलाला विचारलं, "ही कोण तुझी?" मुलगी खाली बघायला लागली. जमादार लांब होते, तरी त्यांनी ऐकलं. तिथूनच म्हणाले, "ते गाडीच्या कागदात लिहिलेलं नसतं. कागद बरोबर आहेत ना? मग जाऊ द्या त्यांना." जोडपं गेल्यावर त्याला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "रस्त्यावर आपल्याला गाडी थांबवायचा अधिकार दिलाय. माणसाच्या आयुष्यात शिरायचा नाही दिला." मी टपरीवरून ऐकत होते. मला त्या क्षणी उठून त्यांना नमस्कार करावासा वाटला, पण हातात गरम कप होता.

आणि कुणी न थांबता पळून गेलंच, तर ते पाठलाग करू द्यायचे नाहीत. कॉन्स्टेबल बुलेटला किक मारायला धावायचा, आणि हे म्हणायचे, "नंबर लिहिलाय मी. घाबरलेला माणूस पुढच्या चौकात कुणाला तरी उडवील. चलान उद्याही घरी जातं." मला हे फार पटायचं. नियम पाळायला लावायचा, पण नियमापायी जीव घ्यायचा नाही. मी हे तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं. मी फक्त अर्ज लिहिला होता.

निवृत्तीला चार महिने उरले असताना ते घडलं. हिंजवडीला नोकरी करणारा एक तरुण चौकात बाइकवरून पडला. मनगट मोडलं. त्याच्या वडिलांनी तक्रार दिली, की हवालदारानं चालत्या गाडीची चावी ओढली, म्हणून मुलगा पडला. चौकातला कॅमेरा पुलाच्या कामासाठी नेमका त्याच पंधरवड्यात उतरवलेला. चौकशी लागली. आरोप सिद्ध झाला असता तर ज्या माणसानं उभा जन्म चावीला हात लावला नाही, तो चावी ओढणारा म्हणून घरी गेला असता.

मला रिक्षावाल्यांकडून कळलं आणि माझं डोकंच फिरलं. चौकात गेले. जमादार नेहमीच्या जागी उभे होते, पण खांदे पडलेले. मी म्हटलं, "मी साक्ष देते. मी तिथे होते, मी बघितलं, तुम्ही हात लावला नाहीत, असं सांगते."

"आपण बघितलं का?"

"नाही. पण मला माहिती आहे ना."

"म्हंजी न्हाई बघितलं," ते म्हणाले. घाटापलीकडची बोली आली होती. "न बघितलेलं माझ्या बाजूनं सांगितलंत, तर त्या पोरात आन् तुमच्यात फरक काय ऱ्हायला? नगा सांगू. आन् अजून एक ऐका. काल चौकशीच्या म्याडमनी इचारलं, कधीच चावी काढली न्हाई का? मी सांगितलं, एकदा काढलीय."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीला लागल्या लागल्या, वरिष्ठांना दाखवायला म्हणून त्यांनी एका दूधवाल्याच्या चालत्या मोटारसायकलची चावी ओढली होती. गाडी आडवी झाली, दूध रस्त्याला, आणि त्या माणसाचा गुडघा कायमचा गेला. कुणी तक्रार केली नाही, कागदावर कुठेही काही नाही. "त्यो अजून लंगडतो," ते म्हणाले. "दर दिवाळीला जातो मी त्याच्याकडं. तवापासून हात मागं बांधतो."

"हे सांगायची काय गरज होती?" मी ओरडलेच. "कुणाला माहिती तरी होतं का?"

"मला व्हतं."

मी तणतणत घरी आले. इतका राग आला होता मला त्या माणसाचा, आणि इतकी माया आली होती, की काय करावं सुचेना. खरेपणानं स्वतःचा गळा कापून घ्यायचा आणि वर दुसऱ्यालाही खोटं बोलू द्यायचं नाही. बाबा म्हणाले, "एवढा राग आलाय तर लिही एक अर्ज." ते चिडवत होते. पण मी ताडकन उठले आणि फायली उपसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी करणाऱ्या मॅडमच्या समोर मी ती पोच ठेवली. तो तरुण आणि त्याचे वडीलही तिथेच बसले होते. त्यांना त्याच दिवशी बोलावलेलं होतं. मॅडमनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "मी अपघात पाहिलेला नाही. पण दीड वर्षापूर्वी याच हवालदारांविरुद्ध मी तक्रार केली होती. ती जरा वाचा. तेव्हा मला ते अजिबात आवडत नव्हते, हे लक्षात ठेवून वाचा."

मॅडम मोठ्यानं वाचू लागल्या. चावीस हात न लावता. एक पाऊल मागे. दोन्ही हात पाठीमागे. तिसऱ्या मुद्द्यापाशी त्यांना हसू आवरेना, शेजारी जबाब लिहून घेणारा रायटरही तोंड फिरवून हसला. मी मात्र त्या मुलाकडे बघत होते. तो मान खाली घालून प्लास्टरवरच्या पट्टीशी चाळा करत होता. मॅडमनी कागद खाली ठेवला आणि त्याला साध्या आवाजात विचारलं, "ते तुझ्यापासून किती लांब उभे होते?"

त्यानं पट्टी सोडून हात मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "लांबच होते. मी फोनवर बोलत होतो. पोलीस दिसले म्हणून ब्रेक दाबला, एकाच हातानं. घरी बाबा रागावतील म्हणून चावीचं सांगितलं. नंतर मागे घ्यायची हिंमत झाली नाही." वडिलांनी कपाळाला हात लावला. ते काही वाईट माणूस नव्हते. मुलाच्या बाजूनं उभे राहिले होते, इतकंच. मॅडमनी तिथेच त्याचा जबाब बदलून घेतला आणि म्हणाल्या, "जमादारांना मी कळवते."

मी कशाची थांबतेय. पायऱ्या दोन-दोन करत उतरले, स्कूटरला स्टार्टर मारला आणि सुटले. कधी एकदा सांगते असं झालं होतं. वाटेत सगळे सिग्नल मला हिरवे मिळाले, किंवा मला तसं वाटलं. चौकात पोचले तर लांबूनच जमादारांचा हात वर. मी गाडी त्यांच्या पुढ्यात नेऊन थांबवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मुलगा खरं बोलला, मॅडमनी लिहून घेतलं, तुम्ही सुटलात.

जमादार हलले नाहीत. मग टोपी काढली, कपाळ पुसलं आणि टोपी पुन्हा नीट बसवली. रिक्षावाले गोळा झाले होते. कुणीतरी चहा सांगितला. शेवटी ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हेल्मेट कुठाय?"

मी डोक्याला हात लावला. हेल्मेट मॅडमच्या ऑफिसात खुर्चीवर राहिलं होतं.

"अहो, मी तुमच्यासाठी पळत आलेय," मी म्हटलं.

"म्हणून तर," जमादार म्हणाले, आणि त्यांनी फोटो काढला.

तीन महिन्यांनी ते निवृत्त होऊन गावी गेले. निरोपसमारंभाच्या वेळी मी एका पेशंटकडे अडकले होते, जाता आलं नाही. मला अजून त्याची चुटपुट लागते. जमादारांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. त्यांनी काढलेला माझा मात्र आहे, चलानाबरोबर आलेला. त्यात मी बिनहेल्मेटची, दात काढून हसतेय, मागे रिक्षावाले हसतायत. नंबर प्लेट जेमतेम वाचता येते, कारण फोटो हललेला आहे. मी तर गाडीवर अगदी स्थिर बसले होते.