दोन उजवे पंख

ही गोष्ट मी चारचौघांत सहसा काढत नाही. पण तुमचा चहा अजून अर्धा उरलाय, आणि माझा मूर्खपणा तेवढ्यात सांगून होईल. तर ऐका.

मुकुंदवाडीला रहीमचाचा राहायचे. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. बिनइंजिनाची, रिमोटवर उडणारी छोटी विमानं बनवायचा त्यांना भारी नाद. टेकडीवरून विमान हातानं सोडायचं. वारा उताराला धडकून वर चढतो, त्याच्यावर ते घारीसारखं तरंगत राहतं. आपण खालून फक्त वळवायचं. चाचा ही विमानं स्वतः कागदावर आखायचे. मलाही हे वेड त्यांनीच लावलं.

पुढं काचबिंदूनं त्यांची नजर आवळत आली. “नळीतून बघितल्यासारखं दिसतंय, देशपांडे,” असं म्हणायचे. मुलगी शबाना त्यांना कायमचं पुण्याला न्यायला येणार होती. त्याआधी त्यांनी माझ्या हातात एक खोकं ठेवलं. आत बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या, काड्या, आणि त्यांनी आखलेला शेवटचा नकाशा.

“हे तू जोड,” चाचा म्हणाले. “मला हे एकदा आभाळात बघून जायचंय.”

नकाशावर पंख एकच होता, उजवा.

“आणि डावा?” मी विचारलं.

“कागद उलटा लेना, बस.”

“समजलं,” मी म्हटलं. तिथंच सगळं बिघडलं.

आता मला सांगा, कागद उलटा घे म्हटलं तर तुम्ही काय कराल? पालथा घालाल ना? मी तो टेबलावर गोल फिरवला. पंखाचं टोक उजवीकडं होतं, ते डावीकडं गेलं. अक्षरं डोक्यावर उभी राहिली. मला वाटलं, झाला डावा पंख. कागद असा कितीही गरगर फिरवा, उजवा पंख उजवाच राहतो. हे मला सुचलं नाही. बरं, मी वाळूजच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दुसऱ्याची चूक मला फार लांबून दिसते.

पुंडलिकनगरच्या आमच्या घरात सहा आठवडे जेवणाचं टेबल माझ्या ताब्यात होतं. आम्ही खाली बसून जेवलो. एक पंख झाला, त्याला पिवळं प्लास्टिक ताणून लावलं आणि हॉलमध्ये टांगला. दुसरा झाला, तो आतल्या खोलीत टांगला. दोन्ही शेजारी ठेवून बघायची वेळच आली नाही.

“अहो,” मंजू, माझी बायको, एकदा दोन्ही खोल्यांत फिरून येऊन म्हणाली, “हे दोन्ही एकसारखेच दिसतात हो.”

“एकसारखेच पाहिजेत. विमान आहे ते,” मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. ती बिचारी पोळ्या लाटायला गेली.

चाचांचा फोन आला. “दोन्ही पंख जुळले का?”

“जुळे भाऊ आहेत चाचा, जुळे भाऊ,” मी म्हटलं. शब्दाशब्दानं खरं बोललो मी.

रविवारी सकाळी मंजूला घेऊन आम्ही शहराला लागूनच असलेल्या सातारा गावाकडच्या टेकडीवर गेलो. चाचांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. शबाना रिमोट सांभाळून घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशी दोघं निघणार होते. मी विमानाच्या अंगात पोलादी दांडी घातली, उजवा पंख बसवला. मग दुसरा बसवला, आणि माझे हात थांबले.

उजव्या पंखाची गोल कड पुढं होती, पाहिजे तशी. डाव्याची मागं होती. पंख उलथा करून पाहिला, तर गोल कड पुढं आली, पण वर वळायला हवं ते टोक जमिनीकडं वाकलं.

“काय झालं?” चाचांनी विचारलं.

“काही नाही, दांडी जरा घट्ट जातेय.”

चाचा जवळ येऊन बसले. त्यांनी एका पंखाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्याच्या. मग पुन्हा पहिल्याच्या.

“देशपांडे,” ते हळू म्हणाले, “हे अर्धं जालन्याला निघालंय आणि अर्धं नाशिकला.”

मला वाटत होतं, त्यांनी चार शिव्या द्याव्यात. ते नुसते दगडावर बसून राहिले, डोळे आभाळाकडं. मी मंजूकडं बघितलं. तिनं मान दुसरीकडं वळवली. हे तिचे उपकार.

शबाना थोडी लांब जाऊन फोनवर बोलली. परत येऊन म्हणाली, “ऑफिसातून आठवड्याची सुट्टी वाढवून घेतली, अब्बा. पुढच्या रविवारी उडवू.”

त्या संध्याकाळपासून मी चाचांच्या घरी. त्यांनी नकाशा पालथा घातला, शबानानं त्यावर गोडंतेल चोळलं. कागद पारदर्शक झाला आणि मागच्या बाजूनं डावा पंख वर आला. मी बघतच राहिलो. चाचांकडं उरलेलं लाकूड होतं, त्यातून मी फासळ्या कापल्या. प्रत्येक फासळी चाचा बोटांनी तपासायचे आणि विचारायचे, “गोल कड कुठंय?” मी बोट ठेवून दाखवायचो. पाच दिवस, बालवाडीतल्या पोरासारखा.

पुढच्या रविवारी मी विमान वाऱ्यात सोडलं. रिमोट चाचांच्या हातात. पिवळे पंख वर चढले, आमच्या डोक्यावरून सावकाश गेले.

“दिसलं,” चाचा म्हणाले.

मग विमान त्यांच्या नजरेच्या नळीतून निसटलं. “देशपांडे, कुठंय?”

विमान आमच्याकडं तोंड करून येत होतं आणि माझ्या उजवीकडच्या बाभळींकडं सरकत होतं.

“डावीकडं घ्या,” मी सांगितलं. ते आणखी बाभळींकडं गेलं. “अजून डावीकडं, चाचा.” ते आणखीच गेलं.

“तुझी डावी का विमानाची डावी?”

मी खरंच आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं.

“शबाना, तू बोल,” चाचा शांतपणे म्हणाले.

शबानानं आयुष्यात असं विमान कधी उडवलं नव्हतं. ती म्हणाली, “अब्बा, नाक आपल्याकडं आहे. विमानाच्या उजव्या हाताला वळवा.” विमान वळलं. त्यानंतर पाव तास ती बोलत होती, ते उडवत होते. शेवटी ते गवतात अलगद उतरलं.

मला चाचांनी एक काम दिलं. “जा देशपांडे, उचलून आण.”

ते मात्र मी बिनचूक केलं. विमान अगदी नाकासमोर पडलं होतं.