नारळाचा होकार

माझ्या लॅपटॉपने आपलं रूप पालटलं ते दसऱ्याच्या दिवशी, आणि त्याला तशी परवानगी दिली एका नारळाने. हे कुणालाही सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मला अजून हसू आलेलं नाही.

आधी डोळ्यांचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजलाय. आंधळी नाही मी. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर कुणी उभं राहिलं तर कान दिसतात, खांदे दिसतात, आणि चेहऱ्याच्या जागी धुकं. मिरजेच्या डॉक्टरांनी यावर एकच युक्ती शिकवली. जे बघायचंय त्याच्याकडे बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं, मग ते डोळ्याच्या कडेत येतं. जन्मभर भूगोल शिकवताना मी पोरांवर 'इकडेतिकडे बघू नका' म्हणून ओरडले, आणि म्हातारपणी मलाच इकडेतिकडे बघण्याची शिकवणी लावावी लागली. आमच्या सांगलीच्या कॉलनीत त्यामुळे माझी ख्याती अशी की बाई फार शिष्ट झाल्यात, बोलताना तोंड फिरवतात. हो, फिरवते. तोंड फिरवलं तरच तुमची तोंडं दिसतात. तशी ती न दिसल्याने फार काही बिघडत नव्हतं म्हणा.

एका तोंडाची गोष्ट मात्र वेगळी. माझी थोरली बहीण, अक्का, वाईला असते. तिला ऐकू येत नाही. कानातलं यंत्र डबीत पडलेलं असतं, कारण ते घातलं की शिट्ट्या मारतं. त्यामुळे फोन निरुपयोगी. एसटीने जायचं तर साताऱ्याला गाडी बदला, पाट्या वाचा, हे मला आता एकटीने जमत नाही. म्हणून तिच्या मुलाने मला लॅपटॉप घेऊन दिला आणि तिच्यापुढे टॅब ठेवला. रोज दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघी समोरासमोर बसतो. ती माझे ओठ वाचते, मी तिचं बोलणं ऐकते. ती मोठ्यांदा बोलते, बहिऱ्या माणसांसारखी, आणि मला ते आवडतं. तिच्यामाझ्यात मिळून एक धड माणूस निघतं असं भाचा म्हणतो.

हे जमावं म्हणून मी एक व्यवस्था लावली होती. कपाळाची टिकली काढून आरशाला चिकटवायची सवय आपल्याकडे सगळ्याच बायकांना असते. मी ती लॅपटॉपला चिकटवली. एक लाल टिकली पडद्याच्या चौकटीवर खाली डाव्या कोपऱ्यात, जिथून सगळं सुरू करायचं ते बटण होतं त्याच्या खाली. बाण कोपऱ्यात ढकलत न्यायचा, कोपऱ्यात गेला की तो आपोआप अडतो, मग दाबायचं. त्याला डोळे लागत नाहीत. दुसरी, हिरवी टिकली उजव्या कडेला. ती बोटाने चाचपायची आणि तिच्याकडे नाक करून बसायचं. अक्काची खिडकी ओढून डाव्या कडेला लावलेली असायची. मी हिरव्या टिकलीकडे बघितलं की डावीकडे अक्का उगवायची. पांढरे केस, कपाळावरचं मोठं कुंकू, हलणारे ओठ. तिला पलीकडून दिसायचं की धाकटी बहीण भलतीकडेच बघतेय. पण तिला ठाऊक होतं की हीच तिची बघायची रीत. मी तोंड वळवलं की ती पदर सारखा करायची, कारण आता आपण दिसतोय.

तर दसरा. घरात विळी, कात्री, शिलाईचं मशीन यांची पूजा होतेच. यंदा मी लॅपटॉपही मांडला. पाटी आता घरात नाही, म्हणून एकाच्या आकड्यांची सरस्वती भाच्याकडून मागवून पडद्यावरच लावली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आपट्याचं पान ठेवलं. नारळ ठेवायला टेबलावर जागा उरली नाही, म्हणून तो ठेवला लॅपटॉपच्याच कळांवर, उजव्या बाजूला. मग घंटा वाजवून आरती म्हणू लागले. मध्ये कधीतरी लॅपटॉपने 'टुंग' असा आवाज केला होता. मला वाटलं, घंटेला साथ देतोय.

आरती संपली तेव्हा घरकामाला येणाऱ्या पलूसकडच्या मावशी दारात उभ्या होत्या.

"आवं बाई, देवी गेली की!"

"गेली म्हणजे?"

"म्हंजी न्हाई आता. सगळं निळं झालंय, आन् मदी गोल गोल फिरतंय. आकडाबी वाढाय लागलाय."

"मी तर कशाला हात लावलेला नाही."

मावशींनी जवळ जाऊन बघितलं. "तुमी न्हाई लावला. ह्यो नारळ बटनावर बसलाय न्हवं? त्यानंच व्हय म्हटलं म्हना."

तसंच झालं होतं. गेले कित्येक दिवस ते यंत्र मला विचारत होतं की नवीन रूप घेऊ का, आणि मी चाचपत चाचपत 'नंतर' म्हणत होते. ऐन पूजेत त्याने पुन्हा विचारलं आणि नारळाने होकार भरला. नुसता होकार नाही. भाचा सांगतो की मध्ये अटींची भलीमोठी पानं येतात आणि त्यांनाही मान्यता द्यावी लागते. नारळाने तीही दिली. त्याने अटी वाचल्या नाहीत, पण शिकलीसवरलेली माणसं तरी कुठे वाचतात? इतक्या मोठ्या कंपनीला माणसाची संमती आणि नारळाची संमती यातला फरक कळत नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. कळून घ्यायचा असता तर कळला असता.

संध्याकाळी दिवेलागणीला यंत्र जागं झालं. मी लाल टिकली चाचपली, बाण कोपऱ्यात नेला, दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. डावा कोपरा रिकामा होता. माझी टिकली रिकाम्या जागेखाली कुंकू लावून बसली होती. बटण उचलून मधोमध नेलेलं. त्याच्याबरोबरची सगळी चित्रं मधोमध. निरोप येणार तो मधोमध, विचारणा होणार ती मधोमध. जिथे मला धुकं दिसतं नेमक्या तिथे या शहाण्यांनी सगळा संसार थाटला होता. कोपऱ्याला निदान भिंत असते, बाण तिथे अडतो. मध्याला काय असतं? बाण आला कधी नि गेला कधी, कळत नाही. मी इतकी वर्षं नकाशे शिकवले. नकाशात उत्तर वर असते. कुणाला एका जागी बघून कंटाळा आला म्हणून उत्तर दिशा उचलून कागदाच्या मध्ये ठेवत नाहीत. ठेवणाऱ्याला आम्ही शाळेत बाकावर उभं केलं असतं.

तिकडे अक्का दुपारपासून आपट्याचं पान हातात घेऊन टॅबसमोर बसली होती. माझा लॅपटॉप बिघडलाय हे मी फोनवर कळवल्यावर भाच्याने तिला सांगितलं होतं, तरी ती उठली नव्हती. दसऱ्याला आधी धाकटीला सोनं द्यायचं, मग इतरांना, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. शेवटी माझ्याकडून कसंबसं कुठेतरी दाबलं गेलं आणि बोलणं जुळलं.

मी हिरवी टिकली चाचपली, तिकडे नाक केलं. डावीकडे चेहरा उगवला. तो माझा होता! नव्या मांडणीत मला माझंच थोबाड मोठं करून दाखवण्यात आलं होतं आणि अक्काला नेऊन ठेवलं होतं मध्ये, धुक्यात. तिचा आवाज मात्र आला.

"अगं!" ती ओरडलीच. "तू सरळ बघतेयस! माझ्याकडे बघतेयस! दिसायला लागलं तुला?"

मला काही समजेना. मी तर टिकलीकडे बघत होते.

"अरे, इकडे ये, मावशीचे डोळे बघ कसे सरळ झालेत!" ती मुलाला हाका मारू लागली. "मी गणपतीला नवस बोलले होते गं. घाटावर जाऊन बोलले होते. कुणाला सांगितलं नव्हतं." ती रडू लागली. अक्काला रडताना मी फार क्वचित ऐकलंय. "सांग बरं, माझ्या हातात काय आहे?"

आपट्याचं पान असणार हे मला न बघताही कळत होतं. पण खोटं बोलायला जीभ वळेना. मध्ये असलेलं बघायचं तर मला पडद्याच्या बाहेर, शेजारच्या कपाटाकडे तोंड करावं लागतं. मी मान वळवली.

पलीकडून अक्काची किंकाळी आली. "अगं, मान तिकडे आणि डोळे माझ्यावर? हे काय आहे?"

मग भाचा मध्ये आला. त्याने आधी मला सांगितलं आणि नंतर आईच्या समोर बसून सावकाश तिला सांगितलं, की या नव्या प्रकारात यंत्र माणसाचे डोळे आपल्या मनाने सरळ करून दाखवतं. माणूस कुठेही बघत असो, पलीकडच्याला वाटतं आपल्याकडेच बघतोय.



"म्हणजे मघापासून तू मला बघत नव्हतीस?" अक्का म्हणाली.

"नाही." ते तिने ओठांवरून वाचलं असणार.

"बरं," म्हणाली, आणि उठून गेली. सोनं द्यायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ती टॅबसमोर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भाच्याकरवी निरोप आला, "तिला सांग, ते डोळे नको मला." भाचा रविवारी येऊन सगळं नीट करून देणार होता. मला रविवारपर्यंत दम नव्हता. माझं मेलं नुसतं बटण हरवलं असतं तर मी बोंब मारली असती आणि गप्प बसले असते. पण रोज दुपारी मला बघणारं आणि मी जिला बघते असं जगात एकच माणूस उरलंय, आणि ते माणूस माझ्या तोंडाला घाबरून उठून गेलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एक गोड आवाजाचा मुलगा आला.

"मॅडम, स्क्रीनच्या मध्यभागी बघा."

"मध्यभागी मला दिसत नाही."

"हो मॅडम. पण ते मध्यभागीच आहे."

"ते तिथे का नेलं?"

"मॅडम, मध्यभागी सगळ्यांना सोपं पडतं."

सगळ्यांना! या सगळ्यांमध्ये मी कधी मोजली गेले नाही, एवढं कळलं. मग मी डोळ्यांचं विचारलं. त्याला फारच आनंद झाला.

"ते नवीन फीचर आहे मॅडम. आता तुम्ही नेहमी समोरच्याकडेच बघताय असं दिसतं."

"मी बघत नसले तरी?"

"हो मॅडम!" असं तो इतक्या अभिमानाने म्हणाला की मी फोन ठेवून दिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. माझ्या डोळ्यांत जे बिघडलंय ते यांना दुरुस्त करता येत नाही, म्हणून जे दिसतंय तेच रंगवून टाकलं. न बघता बघितल्यासारखं करणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. शिक्षण खात्याचे साहेब तर वर्गात येऊन तेवढंच करत. त्यांना यंत्राची मदत लागत नव्हती.

यंत्रात मजकूर वाचून दाखवणारी एक बाई असते. ती मराठी अशी वाचते की तिला शाळेत घालावंसं वाटतं. तरी तिलाच हाताशी धरून मी त्या दुपारी शोधायला बसले. एका दारातून दुसऱ्या दारात, तिथून आणखी आत. चित्रं डावीकडे न्यायची सोय होती! होती, पण अशी लपवून ठेवलेली की घरातल्या बाईने साखरेचा डबा मुंग्यांपासून लपवावा. ती सोय मी लावली आणि लाल टिकलीवर बटण परत आलं. अक्काची खिडकी मात्र कडेला नेली की फुगून अर्धा पडदा व्यापायची. ते फुगणं बंद करायची कळही सापडली. माझं थोबाड झाकलं. डोळ्यांची कळ शोधता शोधता ऊन उतरलं. वाचणारी बाई म्हणाली, "नजर दुरुस्ती, चालू." मी दाबलं. "नजर दुरुस्ती, बंद." तिच्या तोंडून आलेलं तेवढंच एक वाक्य मला गोड वाटलं.

भाच्याला फोन करून सांगितलं, अक्काला बसव.

"नको म्हणते," तो म्हणाला.

"तिला म्हणावं, माझे डोळे परत वाकडे झालेत."

ती आली. टॅब सरळ करण्याची खडखड ऐकू आली. मी हिरवी टिकली चाचपली आणि तिकडे नाक केलं, म्हणजे अक्कापासून चांगलं तोंड फिरवून बसले. डाव्या कडेला पांढरे केस उगवले, कुंकू उगवलं. ती मला निरखत होती, बराच वेळ. मी हलले नाही.

मग तिने पदर सारखा केला.

"हां," अक्का म्हणाली. "आता बघतेयस."

आणि इतक्या दिवसांनी पार वाळून गेलेलं आपट्याचं पान तिने पुढे धरलं. मी टिकलीवरची नजर न हलवता डावा हात पडद्यापाशी नेला आणि सोनं घेतलं.