अक्काच्या बकऱ्या

मुलांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आपण वाघ-बकरी खेळलो. मी धाकटीला मुद्दाम जिंकू दिलं आणि थोरल्याने ते लगेच ओळखलं. मी ते हसण्यावारी नेलं, पण फोन ठेवल्यावर मला काही हसू आलं नाही. यंदा उन्हाळ्यात माझ्याबाबतीत नेमकं हेच घडलं, आणि तो धक्का अजून पुरता ओसरलेला नाही. म्हणून आत्ताच लिहिते आहे.

आधी खेळ नीट सांगते, कारण तुम्ही तो घाईत शिकलात. एका बाजूला तीन वाघ, दुसऱ्या बाजूला पंधरा बकऱ्या, त्या एकेक करून पटावर लावायच्या. मागचं घर मोकळं असेल तर वाघ बकरीवरून उडी मारतो आणि तिला खातो. वाघ कधीच मरत नाही. त्यांना चहूकडून घेरून जागच्या जागी कोंडलं की बकऱ्या जिंकल्या. लहानपणी बिलोलीला शेजारची तेलुगू मुलं याला पुलीमेका म्हणायची. मी आणि माझी थोरली बहीण, म्हणजे तुमची निलंग्याची अक्काआजी, ओट्यावर कोळशाने पट काढायचो. वाघ माझे, बकऱ्या तिच्या, आणि जिंकायची नेहमी मी.

पुढेही ते तसंच राहिलं. मी नांदेडला कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तिने निलंग्याच्या शाळेत गणित. दोघी निवृत्त झालो, तिचे यजमान गेले, मुलं दूर गेली. तरी मी निलंग्याला गेले की चहाबरोबर पट निघायचा आणि मी तिच्या बकऱ्या खायचे. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला तीन वाघ कोंडता येत नाहीत, याचं मला एकदाही नवल वाटलं नाही.

यंदा लातूरला गुडघा दाखवायला गेले होते. लवकर मोकळी झाले, म्हणून न कळवताच निलंग्याची एसटी धरली. अक्काच्या ओट्यावर समोरची शेजारीण बसली होती. मधे खडूने काढलेला पट, आणि वाघ शेजारणीचे.

"उठवा की तुमचे वाघ. बसून बसून पायाला मुंग्या आल्या त्यांच्या," अक्का म्हणत होती.

"कुठं उठवू बाई? चारी अंगानं तुमची शेरडंच हायत!"

मी वाकून पाहिलं. तिन्ही वाघ कोंडलेले. पंधराच्या पंधरा बकऱ्या जिवंत.

शेजारीण मला बघून म्हणाली, "बघा ना, एक बी खाऊ दिली न्हाई. आजच न्हाई, कवाच देत न्हाईत."

मी ओट्याच्या कडेला बसले. अक्काचा चेहरा उतरला होता. शेजारीण काय ते समजून घरी गेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. हरलीस की तू जेवायची न्हाईस, अन् आई मला बोलायची."

"तेव्हा मी सात वर्षांची होते, अक्का! आता सत्तरी उलटली."

ती पदराने पट पुसायला लागली. "आता तू जिंकतीस, खुशीत जातीस, परत येतीस. दुसरं कोण येतं माझ्याकडं?"

ज्या उड्यांचा मला अभिमान होता, त्या प्रत्येक उडीमागे तिने घर मोकळं सोडलेलं होतं.

"आज खरं खेळ," मी म्हणाले.

"नको. तू रुसशील, मग येणार न्हाईस."

"खेळ म्हणते ना!"

तिने चहा आणला आणि पुन्हा पट काढला. पहिल्या बकऱ्या तिने कडेच्या घरांत लावल्या, जिथे वाघाला उडी मिळत नाही. त्या घरांत तिला खेळताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. चहा निवायच्या आत माझे वाघ कोंडले गेले. मी एकच बकरी खाल्ली होती.

"ही तरी खरी का?"

"हाव, ती चुकली माझी."

विश्वास ठेवावा की नाही, मला अजून कळत नाही. सबंध डाव ती पटाकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघत होती. स्टँडवर सोडायला आली तेव्हाही तशीच बघत, माझी पिशवी हातात धरून उभी राहिली.

पुढच्या महिन्यात मी गेले, त्याच्या पुढच्याही. वाघ माझेच असतात आणि मी अजून एकदाही जिंकलेले नाही. अक्का आहे, तिचा ओटा आहे, आणि आमचा खेळ चालू आहे.